सेवेचे मोल आणि ग्राहकाचा संकोच

बँकांच्या अनेक शाखांमध्ये एक फलक वर्षानुवर्षे भिंतीवर दिसत आला आहे. ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा आशयाचा मजकूर त्यावर असतो. हा मजकूर महात्मा गांधींच्या नावे सांगितला जातो. तो त्यांचाच असल्याचा खात्रीशीर पुरावा मात्र मिळत नाही. विचार कोणाचाही असो, मोठ्या संस्थेने तो शिस्त म्हणून पाळावा हे योग्यच आहे. परंतु एका ग्राहकाने खाते बंद केले म्हणून बँकेची शाखा बंद पडत नाही, हे ग्राहक जाणतो आणि कर्मचारीही जाणतात.

लहान दुकानात मात्र फलकावरचा हा विचार शब्दशः खरा असतो. तेथे असा फलक नसतो, पण दुकानदाराच्या प्रत्येक हालचालीतून तो वाचता येतो. ग्राहक पायरी चढताच दुकानदार उठून उभा राहतो. पंखा सुरू होतो, खुर्ची पुसली जाते, चहा सांगितला जातो. हवी असलेली वस्तू दुकानात नसेल, तर ‘उद्या सकाळी घरी पोहोचवतो’ असे आश्वासन मिळते आणि ते पाळलेही जाते. ग्राहक सुखावतो. त्याच वेळी त्याचे लक्ष अर्ध्या रिकाम्या फळ्यांकडे जाते. पूर्वी तीन नोकर असत, आता एकही नाही, हे त्याच्या ध्यानात येते. संध्याकाळ झाली तरी सकाळच्या भवानीनंतर फारशी विक्री झालेली नसावी, असा अंदाज त्याला येतो. मग दीडशे रुपयांची वस्तू घेऊन बाहेर पडताना त्याच्या मनात कृतज्ञतेबरोबरच एक अवघडलेपण उरते. एवढ्या आदराच्या बदल्यात आपण दिले तरी काय, हा प्रश्न त्याला पडतो.

या संमिश्र भावनेविषयी फारसे बोलले जात नाही. ग्राहकसेवेवरील पुस्तकांत सेवा कशी द्यावी हे सविस्तर सांगितलेले असते. ती कशी स्वीकारावी याची चर्चा क्वचितच होते. वास्तविक, सेवा देणारा आर्थिक ओढाताणीत असतो तेव्हा ती स्वीकारणाऱ्यावरही काही जबाबदारी येते.

काका-पुतण्यांची दोन दुकाने

या विषयासाठी पुस्तकाच्या दुकानाइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण. पुस्तकावर किंमत छापलेली असते आणि तेच पुस्तक अन्यत्रही मिळते. त्यामुळे एखादा वाचक विशिष्ट दुकानात पुन्हा पुन्हा जातो तो बहुधा तेथील माणसासाठी आणि त्याच्या सेवेसाठी.

मुंबईचे ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ हे असेच एक दुकान होते. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात एका छोट्याशा जागेत ते सुरू केले. तरुणपणी एका पुस्तकाच्या दुकानात पुस्तके चाळताना त्यांना अपमानास्पद वागणूक मिळाली आणि त्यातूनच, जेथे कोणालाही मोकळेपणाने पुस्तके हाताळता येतील अशा दुकानाची कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. पुढे हे दुकान फोर्टमधील सर फिरोजशहा मेहता मार्गालगतच्या गल्लीत आले. वाचकाची आवड लक्षात ठेवणे, हवे ते पुस्तक मागवून देणे आणि छापील किमतीवर सवलत देणे ही तेथील नित्याची पद्धत होती. चर्चगेटजवळच्या सुंदराबाई सभागृहात भरणाऱ्या त्यांच्या पुस्तक प्रदर्शनाची मुंबईकर वाचक वर्षभर वाट पाहत असत. शानभाग यांना २००३ मध्ये पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकानाने कायमचा निरोप घेतला.

त्यांचे पुतणे टी. एस. शानभाग यांनी पुस्तकविक्रीचे धडे काकांच्याच हाताखाली घेतले आणि १९७१ मध्ये बंगळूरच्या म्युझियम रोडवर ‘प्रीमियर बुकशॉप’ हे दुकान थाटले. जागा अगदी लहान होती. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांचे मनोरे रचलेले असत आणि कोणते पुस्तक कोणत्या मनोऱ्यात आहे हे मालकांना मुखोद्गत असे. बोलणे मोजके आणि सवलत न मागता, अशी त्यांची ख्याती होती. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्यासारख्या लेखकांनी या दुकानाविषयी मोठ्या आपुलकीने लिहिले आहे. हे दुकान २००९ मध्ये बंद झाले. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत टी. एस. शानभाग यांचे निधन झाले, तेव्हा दुकान बंद होऊन बारा वर्षे लोटली होती. तरीही बंगळूरच्या वाचकांना घरातील वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले.

दुकान बंद होण्याची कारणे अनेक असतात. मालकाचे वय होते, पुढील पिढीचे मार्ग निराळे असतात, जागेचा प्रश्न उभा राहतो, बाजार बदलतो. त्यामुळे वाचकांनी पाठ फिरवली म्हणूनच ही दुकाने मिटली, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तथापि स्ट्रँडच्या अखेरच्या दिवसांत निरोप घ्यायला आलेल्या वाचकांची जी गर्दी झाली, तिच्यामुळे एक प्रश्न उपस्थित झाला. ही गर्दी एरवी कोठे होती? त्या गर्दीतील अनेकांनी हा प्रश्न स्वतःलाच विचारला असेल. दुकानावर प्रेम असणे आणि दुकानात खरेदी करणे या दोन गोष्टींत अंतर पडले होते, आणि ते अंतर कधी पडले हे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते.

चारशे रुपयांच्या पुस्तकाचा हिशेब

भावनेचा विचार करताना हिशेब बाजूला ठेवण्याची आपली रीत आहे. येथे मात्र हिशेब मांडल्यावाचून भावनेचा उलगडा होत नाही. म्हणून एक काल्पनिक पण सहज घडू शकेल असे उदाहरण घेऊ.

समजा, एका पुस्तकाची छापील किंमत ४०० रुपये आहे. विक्रेत्याला ते वितरकाकडून ३० टक्के कमिशनवर, म्हणजे २८० रुपयांना मिळाले. जुना ग्राहक म्हणून त्याने ते २० टक्के सवलतीने ३२० रुपयांना दिले. हाती राहिले ४० रुपये. ग्राहकाला येणे जमले नाही म्हणून पुस्तक घरी पोहोचते केले. त्या फेरीला २५ रुपये लागले. उरले १५ रुपये. ‘पुढच्या वेळी आलो की देतो’ असे ग्राहकाने सांगितले आणि ती पुढची वेळ तीन महिन्यांनी आली. गुंतलेल्या २८० रुपयांवर द.सा.द.शे. १२ दराने तीन महिन्यांचे व्याज ८ रुपये ४० पैसे होते. म्हणजे शिल्लक राहिली ती ६ रुपये ६० पैसे. दुकानाचे भाडे, वीजबिल, न खपलेल्या पुस्तकांत अडकलेली रक्कम आणि त्या दिवशी पाजलेला चहा यांतून अजून वजा व्हायचाच आहे.

या हिशेबात एक रक्कम तर धरलेलीच नाही. ती म्हणजे दुकानदाराचे स्वतःचे आणि त्याच्या कुटुंबीयांचे श्रम. दुपारी जेवणाच्या वेळी पत्नी गल्ल्यावर बसते, महाविद्यालयातून परतलेला मुलगा संध्याकाळी घरपोच फेऱ्या करतो. त्यांना पगार द्यावा लागत नाही, म्हणून तो खर्च वहीत येत नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ज्याला आरोपित खर्च म्हणतो, तो हाच. असंख्य लहान व्यवसाय कागदावर नफ्यात दिसतात, कारण घरच्यांचे श्रम त्यांनी शून्य किमतीला लावलेले असतात. ग्राहकाला मिळणारी अगत्याची सेवा पुष्कळदा याच शून्यातून आलेली असते.

ग्राहकापुढे हा हिशेब कोणी मांडत नाही. तरीही कोठेतरी त्याला त्याची जाणीव असते. त्याला वाटणारा संकोच म्हणजे या न मांडलेल्या हिशेबाची अस्फुट चाहूल होय.

संकोचाची निरनिराळी रूपे

हा संकोच नेहमी एकाच रूपात प्रकट होत नाही. कधी तो उपकाराचे ओझे होऊन येतो. शिंप्याने लग्नाच्या आदल्या रात्री जागून शेरवानी दुरुस्त करून दिली आणि ‘राहू द्या, घरचेच कार्य आहे’ म्हणून पैसे नाकारले, तर ग्राहकाला आनंद होतो आणि तो अडकतोही. पुढच्या खेपेस दुसऱ्या शिंप्याकडे जाण्याचे त्याचे स्वातंत्र्य जणू हिरावले जाते.

कधी तो अपराधीपणा होऊन येतो. दुकानात तासभर पुस्तके चाळायची, जाणकार विक्रेत्याचा सल्ला घ्यायचा आणि तेच पुस्तक घरी जाऊन संगणकावरून स्वस्तात मागवायचे, हा प्रकार अनेकांच्या अंगवळणी पडला आहे. टाळेबंदीच्या काळात याचेच दुसरे रूप दिसले. २५ मार्च २०२० पासून देशभर व्यवहार थांबले, तेव्हा ठिकठिकाणच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराने धोका पत्करून धान्य, दूध, साखर दारापर्यंत पोहोचवली. निर्बंध उठल्यावर काही कुटुंबे त्याच दुकानाशी बांधलेली राहिली, काही पुन्हा मोठ्या भांडारांकडे आणि मोबाईलवरील मागणीकडे वळली. वळणाऱ्यांना त्यात गैर काही वाटले नाही; पण त्या दुकानासमोरून जाताना त्यांची पावले किंचित जलद पडू लागली.

कधी हा संकोच मौनाचे रूप घेतो. वस्तू सदोष निघाली, शिवण उसवली, छपाईत चुका राहिल्या, तरी ‘बिचारा आधीच अडचणीत आहे’ म्हणून ग्राहक काही बोलत नाही. तो गप्प राहतो आणि हळूहळू येणे बंद करतो. दुकानदाराला वाटते, ग्राहक समाधानी होता. ग्राहक का तुटला हे त्याला कधीच कळत नाही.

आणि कधी कधी, मोकळेपणाने सांगायचे तर, त्यात त्रासिकपणाही असतो. अति आर्जव माणसाला थकविते. काही न घेता परतणे अवघड झाले, म्हणजे ग्राहक आत जाणेच टाळतो. व्यवसाय जितका अडचणीत, तितके आर्जव अधिक. आणि आर्जव जितके अधिक, तितका ग्राहक दूर. हे दुष्टचक्र दोघांपैकी कोणाच्याही वाईट हेतूशिवाय सुरू राहते.

दया नको, दाम हवे

मग ग्राहकाने करावे तरी काय? पहिला विचार दयेचा येतो. नको असलेली वस्तू घ्यावी, सुटे पैसे परत घेऊ नयेत, ‘तेवढीच मदत’ म्हणून वर्षातून एकदा मोठी खरेदी करावी. हेतू चांगला असला, तरी याने व्यवसाय उभा राहत नाही. दुकान चालते ते अंदाज बांधता येईल अशा नियमित मागणीवर. वर्षातून एकदा पाच हजारांची खरेदी करणाऱ्यापेक्षा दरमहा चारशे रुपयांची खरेदी करणारा ग्राहक, वार्षिक बेरीज थोडी कमी भरली तरी, लहान दुकानदाराला अधिक आधार देतो. कारण भाडे दरमहा द्यावे लागते आणि वितरकाचे देणेही ठरलेल्या तारखेला येते. शिवाय दया घेणाऱ्याचा स्वाभिमान दुखावतो. पहाटे उठून दुकानाची फरशी पुसणारा माणूस भिक्षा मागत नसतो, तो व्यवसाय करीत असतो.

म्हणून संकोचाचे उत्तर दयेत शोधण्यापेक्षा सचोटीच्या व्यवहारात शोधावे. पैसे वेळेवर आणि शक्यतो त्याच क्षणी द्यावेत. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून सुटे नाहीत ही सबब उरलेली नाही. घरपोच सेवा घेतली, तर तिचा आकार विचारून द्यावा. दुकानदार नको म्हणाला, तर ‘मग पुढच्या वेळी मागवताना मला संकोच वाटेल’ असे स्पष्ट सांगावे. हे कारण बहुतेकांना पटते. घासाघीस करण्यापूर्वी त्या ४० रुपयांचा हिशेब आठवावा. एखाद्याचा सल्ला घेतला, तर खरेदीही त्याच्याकडेच करावी. ते शक्य नसेल, तर त्याचा तासभर वेळ घेऊ नये. वस्तूत दोष असेल, तर दुकानात दुसरे कोणी नसताना सौम्यपणे पण नि:संदिग्धपणे सांगावा. तक्रार करणारा ग्राहक परत येण्याच्या इच्छेनेच तक्रार करीत असतो. आणि जेव्हा अन्यत्र खरेदी करावीशी वाटेल, तेव्हा अपराधी न वाटता करावी. ग्राहकाचे स्वातंत्र्य शाबूत असेल, तरच त्याच्या निष्ठेला अर्थ राहतो.

समाजाने शोधलेली उत्तरे

लहान विक्रेत्याच्या सेवेला योग्य दाम मिळावे, हा प्रश्न काही देशांनी केवळ ग्राहकाच्या सदसद्विवेकावर सोडलेला नाही. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि विक्रेत्याने त्यावर ५ टक्क्यांहून अधिक सवलत देऊ नये, असा नियम झाला. मोठ्या साखळी दुकानांच्या सवलतींपुढे छोटी दुकाने टिकावीत हा त्यामागील हेतू होता. पुढे २०२३ मध्ये घरपोच पाठविण्याच्या पुस्तकांवर, ३५ युरोपेक्षा कमी मागणी असल्यास, किमान ३ युरो आकारणे तेथे बंधनकारक झाले. जर्मनीतही पुस्तकांच्या निश्चित किमतीचा कायदा आहे. किमतीची चढाओढ थांबली, की ग्राहक दुकान निवडतो ते तेथील सेवेसाठी, हे यामागील तत्त्व होय. भारतात असा कायदा नाही. त्यामुळे आपल्याकडे ही निवड ग्राहकाच्या हाती अधिक आहे.

उशिरा मिळणाऱ्या पैशांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे कायदा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार, नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने करारात ठरलेल्या मुदतीत, परंतु अधिकाधिक ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. लेखी करार नसेल, तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. छापखाना, दुरुस्ती केंद्र, शिवणकाम यांसारख्या व्यवसायांना याचा आधार मिळू शकतो. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणीची मुभा मिळाली, ती मात्र प्राधान्य क्षेत्रातील कर्जाच्या लाभापुरती. म्हणजे पुस्तकविक्रेता किंवा किराणा दुकानदार आपली उधारी वसूल करण्यासाठी या कायद्याकडे पाहू शकत नाही. तेथे ग्राहकाचा शब्दच महत्त्वाचा.

आणि कायदा हाती असतानाही लहान व्यावसायिक तो क्वचितच उगारतो. ज्याच्यावर आपली रोजीरोटी अवलंबून, त्याच ग्राहकाला नोटीस कशी पाठवायची, हा त्याचाही संकोच असतो. काउंटरच्या दोन्ही बाजूंना असा संकोच उभा असतो आणि मधल्या मध्ये खेळते भांडवल आटत जाते.

दुकानदार आणि बँक

दुकानदारानेही काही गोष्टी ध्यानी घेणे हिताचे ठरेल. सेवेचा आकार लिहून लावण्यात कमीपणा नाही. उलट ग्राहक मोकळा होतो. घरखर्च आणि दुकानाचा खर्च यांची खाती वेगळी ठेवावीत. स्वतःसाठी आणि कुटुंबीयांसाठी अल्प का होईना, पगार खर्ची टाकावा, म्हणजे व्यवसायाचे खरे चित्र दिसेल. सवलत सरसकट न देता, त्वरित पैसे देणाऱ्यास द्यावी. खेळत्या भांडवलाची चणचण असेल, तर खासगी सावकाराकडे जाण्यापूर्वी बँकेत यावे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५० हजार, ‘किशोर’ गटात ५ लाख आणि ‘तरुण’ गटात १० लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय करण्यात आली.

बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठीही यात एक बोध आहे. कर्जाच्या अर्जावर दुकानाची उलाढाल दिसते, नफ्याचे प्रमाण दिसते. दुकानदाराने जपलेली माणसे दिसत नाहीत. तीस वर्षे ज्याच्याकडे तीच कुटुंबे येत आहेत, त्याच्या व्यवसायाला एक अलिखित ठेव असते. ही ठेव तारण म्हणून घेता येत नाही, हे खरे. पण दुकानाला भेट देताना तिची नोंद मनात घेता येते. आणि अर्जदार पैशांऐवजी सल्ला मागायला आला असेल, तर आणखी एक कर्ज त्याच्या गळ्यात न बांधता, त्याला त्याचा हिशेब समजावून देणे हीदेखील सेवाच आहे.

आदराने केलेली सेवा आदरानेच स्वीकारावी, असे आपल्याकडे मानले जाते. व्यवहाराच्या जगात हा आदर व्यक्त करण्याची भाषा साधी आहे: रास्त किंमत, वेळेवर पैसे, स्पष्ट बोलणे आणि नियमित येणे. एवढे झाले, तर चहाचा पेला हाती घेताना अवघडून जाण्याचे कारण उरणार नाही. आपल्या परिसरात असे एखादे दुकान असेल आणि तेथील एखादे जुने बिल द्यायचे राहिले असेल, तर ते आजच देऊन टाकावे. दुकान बंद होताना निरोप द्यायला जाणाऱ्यांपेक्षा, दुकान सुरू असताना पैसे द्यायला येणारा ग्राहक त्या दुकानदाराला अधिक हवा असतो.